कृष्णविवर तारे विझवतं की पेटवतं? एका बटू दीर्घिकेने दिलेलं वेगळं उत्तर

कृष्णविवर म्हणजेच ब्लॅक होल. जवळ येईल ते गिळणारं, प्रकाशालाही न सोडणारं, ही त्याची ओळख सिनेमांनी घराघरांत पोचवली. पण जानेवारी २०२२ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जे प्रसिद्ध झालं, ते या ओळखीत बसत नाही. हेनाइझ २-१० नावाच्या एका छोट्या दीर्घिकेत कृष्णविवराजवळून निघालेला वायूचा झोत चक्क नव्या ताऱ्यांच्या जन्माला हातभार लावताना दिसला.

ही दीर्घिका आपल्यापासून सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षं दूर आहे. ती 'बटू दीर्घिका' आहे, इंग्रजीत ड्वार्फ गॅलेक्सी. आपल्या आकाशगंगेच्या तुलनेत तिच्यात जेमतेम एक दशांश तारे असतील, पण नवे तारे घडवण्याचा तिचा वेग मात्र दांडगा. (नाव पडलं ते कार्ल हेनाइझ या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाच्या यादीवरून. हेच हेनाइझ १९८५ मध्ये 'चॅलेंजर' यानातून अवकाशात जाऊन आले.)

सगळं गिळणारं विवर वायू बाहेर कसं फेकेल?

आत गेलेलं परत येत नाही, हे खरंच आहे. पण वायू विवरात सरळ पडत नाही. तो भोवती गरगरत राहतो, त्याची तबकडी बनते, ती प्रचंड तापते आणि त्यातला काही भाग आत जाण्याआधीच वेगाने बाहेर फेकला जातो. असं चालू असेल तर ते कृष्णविवर 'सक्रिय' आहे असं म्हणतात.

आता तारा कसा बनतो ते बघा. त्यासाठी वायू थंड हवा, उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास. तो आपल्याच वजनाने आकसत जातो आणि त्यातून तारा जन्मतो. कृष्णविवराच्या झोताने हा वायू तापवला किंवा दीर्घिकेबाहेर ढकलला, तर तारे बनणं थांबतं. मोठ्या दीर्घिकांबाबत हे बऱ्याच काळापासून मानलं जातं.

बटू दीर्घिकांमध्ये मात्र वायू पळवल्याचा आरोप प्रामुख्याने अतिनवताऱ्यांवर, म्हणजे सुपरनोव्हांवर होता. या दीर्घिकांचं गुरुत्वाकर्षण कमकुवत, त्यामुळे ताऱ्यांच्या स्फोटांनीही वायू निसटू शकतो. इतक्या लहान घरात कृष्णविवर असेल, याचाच फारसा विचार होत नव्हता. २०१३ मध्ये एमी राइन्स आणि सहकाऱ्यांनी सुमारे २५,००० बटू दीर्घिकांचा प्रकाश तपासला आणि शंभराहून अधिक ठिकाणी सक्रिय कृष्णविवराच्या खुणा सापडल्या. २०१९ मध्ये हवाईमधल्या केक दुर्बिणीने ५० बटू दीर्घिका पाहिल्या गेल्या. त्यातल्या काहींमध्ये कृष्णविवरामुळे सुटलेले वारे इतके वेगवान होते, की तो वायू दीर्घिकेची पकड तोडून कायमचा जाऊ शकेल.

म्हणजे इथेही कृष्णविवर खलनायकच. हेनाइझ २-१० ने गोष्ट फिरवली.

इथल्या कृष्णविवराचं वस्तुमान सूर्याच्या साधारण १० लाख पट आहे. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातलं कृष्णविवर ४० लाख सूर्यांचं, त्या मानाने हे लहानच. राइन्स यांना त्याच्या खुणा रेडिओ लहरी आणि क्ष-किरणांत २०११ मध्येच दिसल्या होत्या. पण वाद झाला. हे कृष्णविवर कशावरून, जुन्या सुपरनोव्हाचा अवशेषही असाच दिसू शकतो, असं इतर संशोधकांचं म्हणणं होतं.

त्यावर मोंटाना स्टेट विद्यापीठात झॅकरी शूट या विद्यार्थ्याने राइन्स यांच्यासोबत हबल दुर्बिणीतून वर्णपट घेतले. कृष्णविवरापासून २३० प्रकाशवर्षं दूर असलेल्या तारे जन्मणाऱ्या भागापर्यंत वायूचा एक पूलच पसरलेला दिसला. पुलाच्या लांबीवर वायूचा वेग ठरावीक पद्धतीने कमी-जास्त होत होता. फिरता भोवरा डुलतो, तसा डुलणारा झोत असेल तर असंच दिसेल. स्फोटाच्या अवशेषातून अशी नक्षी उमटणं अवघड, त्यामुळे कृष्णविवराची बाजू भक्कम झाली.

हा झोत ताशी सुमारे १६ लाख किलोमीटर वेगाने जात दाट वायूच्या ढगावर आदळतो. ऐकायला भयंकर वाटतं, पण दीर्घिकेतून निसटायला हा वेग पुरेसा नाही. त्यामुळे ढग उधळला न जाता दाबला गेला आणि तिथे ताऱ्यांचे नवे गुच्छ तयार झाले. फुंकरीसारखंच आहे हे. जोरात मारली तर दिवा विझतो, बेताची मारली तर चुलीतला निखारा फुलतो. इथे झोताचा वेग, समोरच्या वायूची घनता आणि अंतर यांवर सगळं ठरतं.

खगोलशास्त्रज्ञांना या छोट्या दीर्घिकांत रस असण्याचं आणखी एक कारण आहे. विश्वाच्या सुरुवातीच्या काळात दीर्घिका अशाच लहान होत्या. तिथली कृष्णविवरं पुढे कोट्यवधी सूर्यांएवढी झाली, पण त्यांची सुरुवात कुठून झाली याच्या खुणा पुसल्या गेल्या. बटू दीर्घिकांतली कृष्णविवरं तेवढी वाढलीच नाहीत, त्यामुळे त्या खुणा शोधायच्या तर इथेच.