गोमंतकाची नाकेबंदी

शत्रुभावाने वागणाऱ्या सत्तेशी युद्ध करावयाचे नाही आणि तिच्यापुढे मानही तुकवावयाची नाही, अशा पेचात सापडलेले सरकार बहुधा व्यापाराचे दार लावून घेते. १९५५ साली भारत सरकार नेमके याच पेचात होते. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रही गोव्याची सीमा ओलांडीत असता पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि वीसांहून अधिक माणसे प्राणास मुकली. १ सप्टेंबरला गोव्यातील भारतीय वाणिज्य वकिलात बंद झाली. कॅसलरॉकवरून मुरगावकडे उतरणारी आगगाडी थांबली, मालाची ने-आण बंद पडली, प्रवासाला परवाना लागू लागला आणि पैसे पाठविण्यावरही निर्बंध आले.

कागदावर हा हिशेब चोख होता. गोव्यात पिकणारा भात गोव्याला पुरत नसे. नारळ, काजू आणि आंबे यांची जवळची पेठ मुंबई. आणि कितीतरी घरांतील चूल मुंबईतल्या आचाऱ्याच्या, वादकाच्या किंवा बोटीवरील खलाशाच्या कमाईवर पेटत असे. परंतु हिशेबात एक चूक राहिली होती. धोबीतलावच्या कुडात राहणाऱ्या माणसाची मनीऑर्डर अडली, तर तिची झळ साष्टीतल्या त्याच्या म्हाताऱ्या आईला लागे. लिस्बनमध्ये बसलेल्या सालाझारला नव्हे. ज्या लोकांची मने जिंकावयाची, त्यांच्याच ताटातला घास आधी कमी झाला. भारत गोमंतकीयांना उपाशी मारू पाहतो, असा कांगावा करण्याची आयतीच संधी पोर्तुगिजांना मिळाली. पुढे प्रवासाचे निर्बंध सैल करावे लागले, ते उगीच नव्हे.

शिवाय कोंडी करावयाची, तर चारही बाजू हाती असाव्या लागतात. गोव्याची पश्चिम बाजू समुद्राची होती, आणि डोंगरांत लोखंडाचे दगड होते. महायुद्धानंतर जपानच्या पोलादाच्या भट्ट्या पुन्हा पेटल्या. पश्चिम जर्मनीलाही खनिज हवे होते. नाकेबंदीच्या वर्षांत खाणींचा धंदा आटण्याऐवजी फुगला. मांडवी आणि जुवारी या नद्यांतून खनिजाने भरलेले पडाव मुरगावच्या बंदराकडे जात राहिले. त्या पैशावर हॉलंडचे बटाटे, पोर्तुगालची दारू आणि नाना परदेशी वस्तू बाजारात आल्या. त्यांतील सोने आणि घड्याळे चोरवाटेने मुंबईपर्यंतही पोहोचली. १९५५ सालीच दाबोळीचा विमानतळ उभा राहिला आणि गोव्याची स्वतःची विमान कंपनी कराचीकडे उड्डाणे करू लागली. निर्बंधांनी सत्तेला नवे मार्ग शोधावयास लावले, आणि तिला ते सापडले!

यात भारताचा अनुभव जगावेगळा नव्हता. अबिसीनियावर चाल केल्याबद्दल इटलीवर राष्ट्रसंघाने १८ नोव्हेंबर १९३५ पासून निर्बंध घातले. पण तेल वगळले आणि सुएझचा कालवाही खुला ठेवला. मुसोलिनीने देशातील स्त्रियांकडून लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या मागून घेतल्या आणि निर्बंधांचाच उत्सव केला. मे १९३६ मध्ये अदिस अबाबा पडले; जुलैत निर्बंध उठले. जी वस्तू अडविल्यावाचून शत्रू अडत नाही तीच मोकळी सोडावयाची, ही राष्ट्रसंघाची भीरुता होती. भारताजवळ मात्र ती वस्तू अडविण्याचे साधनच नव्हते. जपानचे किंवा जर्मनीचे जहाज भर समुद्रात थांबविणे म्हणजे युद्धच.

तरीही नाकेबंदी सर्वथा व्यर्थ गेली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोव्यातील पोर्तुगीज सत्ता भारताने मान्य केलेली नाही, हे तिने सहा वर्षे जगासमोर ठेवले. पण सालाझार तिने हलला नाही. १८ डिसेंबर १९६१ ला भारतीय सेना गोव्यात शिरली, आणि शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा लिस्बनचा हुकूम असूनही गव्हर्नर जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी दुसऱ्या दिवशी शरणागती पत्करली. त्याबद्दल लिस्बनने त्यांना सैन्यातून बडतर्फ केले. भारताची सत्ता पोर्तुगालने कबूल केली ती ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये, आफ्रिकेतील युद्धांना कंटाळलेल्या पोर्तुगीज सैनिकांनीच तेथील हुकूमशाही उलथून टाकली होती.