आधी खोकं घेतलं

घर बांधायचं तर आधी पाया खणावा आणि सोयरीक जुळवायची तर आधी पत्रिका पाहावी, असा शिरस्ता आहे. मी घरात संगणक आणायला निघालो आणि आधी खोकं घेऊन आलो.

१९९५ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सी करून मी ते मळकट पांढऱ्या रंगाचं पत्र्याचं खोकं (दुकानदाराच्या भाषेत 'कॅबिनेट') जिन्यावरून वर चढवलं. सौ.ने ते उघडून आत डोकावून पाहिलं. आत वायरींचा एक जुडगा आणि स्क्रूंची एक पुडी होती.

"अहो, चाळीस हजार ह्याचे?"

"छे छे! हे दीड हजारांचं. बाकीचं अजून यायचंय."

चाळीस हजार प्रॉव्हिडंट फंडातून कर्जाऊ काढले होते. कन्या अकरावीत होती. कॉलेजात पंधरा मुलांत एक संगणक, त्यामुळे तिच्या वाट्याला आठवड्यातून दहा मिनिटं येत आणि त्यातली सात तो सुरू होण्यात जात. घरी संगणक घेऊ, असा शब्द मी तिला दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढ्याच्या भरात दिलेला होता. तयार कंपनीचा घ्यावा तर किंमत ऐकूनच फंडाचा तळ दिसू लागे. तेव्हा सुटे भाग आणून 'असेंबल' करायचा, असं आमच्या मेहुण्याने ठरवलं. तोही कन्येएवढाच उत्साही. ज्ञान थोडं कमी.

आधी खोकं आणलं म्हणून त्या दिवशी माझी बरीच शोभा झाली. मी परंपरेला धरून वागलो होतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. घरगुती संगणकाची कथा बहुतेक जण ज्या यंत्रापासून सुरू करतात, ते 'अल्टेअर ८८००' जानेवारी १९७५ च्या 'पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स' मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की गावच्या एड रॉबर्ट्सने ते बनवलं होतं. चारशे डॉलरांच्या आत सुटे भाग पोस्टाने घरी येणार आणि डाग देऊन ते आपणच जोडायचे. कळफलक नाही, पडदा नाही. समोर बटणं आणि दिवे, आणि स्मरणशक्ती २५६ बाइट्सची, म्हणजे आमच्या काकांच्या एका पोस्टकार्डापुरतीही नाही. तरी हजारोंनी मागण्या आल्या. आणि गंमत अशी, की न्यूयॉर्कला मासिकाकडे पाठवलेला एकुलता एक नमुना वाटेतच गहाळ झाला होता. मुखपृष्ठावर ज्याचा फोटो छापला, ते दिवे बसवलेलं रिकामं खोकं होतं!

मेहुण्याने लग्नपत्रिकेच्या पाकिटामागे यादी केली: मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, हार्ड डिस्क, फ्लॉपी ड्राइव्ह, चौदा इंची मॉनिटर, कीबोर्ड, माउस. वाण्याची यादी शोभावी अशी. फक्त 'पाव किलो' वगैरे नव्हतं. अशी यादी करता येते ह्याचं आता कुणाला नवल वाटत नाही. पण ही सोय कुणी आपल्यासाठी विचारपूर्वक केलेली नाही. ती घाईतून झाली.

आयबीएम ही तोवर खोलीखोलीएवढी यंत्रं बनवणारी कंपनी. यंत्रातला बारीकसारीक भागसुद्धा घरचा असावा, असा तिचा बाणा. १९८० साली तिला एकदम छोट्या संगणकाच्या बाजारात उतरायची निकड वाटली. फ्लोरिडातल्या बोका रॅटन गावी एका छोट्या चमूला वर्षाची मुदत मिळाली. पुढे डॉन एस्ट्रिज त्याचे प्रमुख झाले. घरच्या रीतीने जायचं तर तेवढ्यात आयबीएमची एखादी बैठकसुद्धा आटोपली नसती. अवचित पाहुणे आले म्हणजे आपण कोपऱ्यावरच्या दुकानातून चकल्या आणतो, बशीत काढतो आणि 'घरच्याच आहेत हं' म्हणतो. आयबीएमने तेच केलं. प्रोसेसर इंटेलचा. फ्लॉपी ड्राइव्ह टंडन कंपनीचे. हे जुगी टंडन मूळचे आपल्याकडचे. प्रिंटर जपानच्या एप्सनचा. ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि तीही मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या दुसऱ्याच एका कंपनीकडून घेतलेली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी ही बशी जगापुढे आली.

'घरचं' म्हणता येईल असं एक महत्त्वाचं कलम त्यात होतं: बायॉस, म्हणजे यंत्राला सकाळी उठवून दात घासायला लावणारा छोटासा कार्यक्रम. आयबीएमने तो यंत्राच्या नकाशांसकट पुस्तकात छापून विकला, पण हक्क राखून. उतरवून घेतला की कोर्ट! ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने युक्ती काढली. एका गटाने तो मजकूर वाचायचा आणि 'हा काय काम करतो' एवढंच लिहून द्यायचं. मूळ मजकूर ज्यांनी डोळ्यांनीही पाहिला नाही अशा दुसऱ्या गटाने त्यावरून नवा लिहायचा. शेजारणीच्या पुरणपोळीचं नुसतं वर्णन ऐकून तशीच पुरणपोळी लाटण्यातला प्रकार. १९८३ साली कॉम्पॅकचं यंत्र बाजारात आलं. १९८४ पासून फीनिक्स कंपनी असाच बायॉस कुणालाही विकू लागली, आणि मग तैवानपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत सगळ्यांनी पोळपाट मांडले. १९८७ साली आयबीएमने नव्या धाटणीचं यंत्र काढून दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण पाहुणे तोवर ओटी ओलांडून माजघरात बसले होते. २००५ साली ती हा धंदाच लेनोव्होला विकून मोकळी झाली. तिच्या घाईमुळे आमच्यासारख्यांच्या घरात संगणक आला. तिच्या पदरात काय पडलं ते तिलाच ठाऊक.

तर यादी. प्रोसेसरपाशी पहिली ठेच लागली. नवा 'पेंटियम' घ्यावा असं मला वाटत होतं. मेहुणा म्हणाला, "भावोजी, तो भागाकार चुकतो!" हे खोटं नव्हतं. १९९४ साली थॉमस नाइसली ह्या अमेरिकन प्राध्यापकाने ती चूक पकडली होती आणि चिप बदलून देण्यापायी इंटेलने साडेसत्तेचाळीस कोटी डॉलर बाजूला काढले होते. आमच्या खरेदीपर्यंत ती चूक दुरुस्तही झाली होती, पण मेहुण्याकडची बातमी वर्षभर जुनी होती. सौ. आतून म्हणाली, "भागाकार कशाला हवेत? महिनाअखेर भागलं म्हणजे झालं." आणि पेंटियम कटला. ४८६ ठरला, ६६ मेगाहर्ट्झचा.

रॅमचा भाव ऐकून मी दुकानातच स्टुलावर बसलो. आठ एमबीला जवळजवळ दोन तोळे सोन्याचे पैसे! ४ जुलै १९९३ रोजी जपानात निइहामा इथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपवर जो काळा लेप असतो त्यासाठी लागणारं रेझिन जगाला मुख्यतः तिथूनच मिळे. जगभर रॅम एकदम भडकली, आणि पुढे मागणी वाढत गेल्याने दोन वर्षं वरच राहिली. (२०११ साली थायलंडला पूर आला आणि पुण्यात हार्ड डिस्क महागली, तेव्हा मला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.) "अजून चढेल, साब," दुकानदार म्हणाला. मी घाबरून त्याच दिवशी घेतली. १९९६ साली भाव जे कोसळत गेले, ते वर्षअखेरीपर्यंत निम्म्याच्याही खाली आले. घरात ह्या विषयावर कुणी बोलत नाही.

जोडणी कन्येने केली. मी स्क्रूची पुडी धरून उभा होतो. रात्री साडेअकराला खोक्यावरच्या हिरव्या आकड्यांत '६६' उजळलं, आणि प्रॉव्हिडंट फंड योग्य ठिकाणी गेल्याची माझी खात्री पटली.

मे महिन्यात संगणक तासातासाने गोठू लागला. कन्येचा प्रकल्प अर्धवट, तिचा चेहरा उतरलेला. आणि "तुम्ही निवडलंत" हे वाक्य घरात कुणीही उच्चारत नव्हतं, हे जास्त झोंबत होतं. शेवटी एका दुरुस्तीवाल्याने प्रोसेसर काढून तिरक्या उजेडात धरला. जुनी अक्षरं घासून त्यावर नवी छापलेली होती. ५० ची चिप ६६ म्हणून आमच्या गळ्यात मारली होती. त्या काळी हा धंदा जोरात चाले.

"पण समोर तर ६६ दिसतंय!" मी म्हणालो.

तो हसला. त्या आकड्यांचा चिपशी काडीचा संबंध नसतो. मागच्या पिना बदलून तिथे हवा तो आकडा लावता येतो. आमच्या दुकानदाराने तो स्वतःच्या हाताने लावून दिला होता.

कन्येने चिपचा वेग ५० वर आणला. त्यानंतर तो संगणक सहा वर्षं मुकाट्याने चालला. तिचं इंजिनिअरिंग त्याच्यावरच झालं. वेग उतरवताना तिने पुढचे आकडेही बदलायला घेतले, मग माझ्याकडे बघून थांबली.

"राहू दे ६६, बाबा?"

"राहू दे," मी म्हणालो.

आतलं सगळं पुढे भंगारवाल्याने वजनावर नेलं. खोकं त्याने नाकारलं. ते माळ्यावर आहे, सौ. त्यात दिवाळीच्या दिव्यांच्या माळा ठेवते.