मनोऱ्याकडे पाठ करून

समोर ३०० मीटर उंचीचा तांबूस लोखंडी मनोरा आहे. सगळ्या पॅरिसच्या माना वर गेल्या आहेत. तुम्ही मात्र त्याच्याकडे पाठ करा आणि इएना पुलाची वाट धरा. १८८९ सालचा जुलै चालू आहे. फ्रेंच राज्यक्रांतीची शताब्दी म्हणून हे विश्वप्रदर्शन भरलं आहे, आणि तिकीट काढून तुम्ही आत आला आहात. ऑक्टोबर संपेपर्यंत इथं सुमारे ३ कोटी माणसं येऊन जातील. त्यातली बहुतेक त्या मनोऱ्याच्या नादानं. दोन वर्षांपूर्वी याच मनोऱ्याविरुद्ध शहरातल्या नामांकित लेखक-कलावंतांनी वर्तमानपत्रात खरमरीत पत्र छापलं होतं. आता त्याच्या जिन्यांवर गर्दी मावत नाही.

पाय उचला. जे पाहायचं ते दुपार कलली की मिटून जातं.

पुलाखाली सीन नदीत बोटी कोळशाचा धूर सोडत निघाल्या आहेत. पलीकडच्या उतारावर त्रोकादेरोचा राजवाडा आहे, दोन उंच मिनारांचा, आणि त्याच्या पायथ्याशी बागा. गुलाबांपाशी रेंगाळू नका, पॅरिसला त्यांचं नवल नाही. जपानी मंडळींनी कुंड्यांत वाढवलेली बुटकी झाडं मात्र उभ्या उभ्या पाहून घ्या. इतकं वय इतक्या लहान जागेत मावतं हे इथल्या लोकांना पटता पटत नाहीये.

आता पाण्याच्या कुंडांकडे या. वाका.

गोल पानं पाण्याला चिकटून पसरली आहेत. मधे फुलं आहेत, काही फिकट पिवळी, काही गुलाबी. शेजारची टोपीवाली बाई नवऱ्याला विचारते, "ही रंगवली तर नसतील?" तुम्हाला हसू येतं. आपल्याकडच्या तळ्यांत तांबड्या, निळ्या कुमुदिनी बघत तुम्ही वाढलात, तुम्हाला त्यात काय विशेष! पण बाईंचं चुकत नाही. युरोपच्या उघड्या तळ्यांत आजवर कुमुदिनी म्हणजे पांढरी, एवढंच माहीत होतं. रंगीत जाती उष्ण मुलखातल्या, इथं त्या तापवलेल्या काचघरातच जगायच्या. समोरची ही रोपं मात्र हिवाळ्यात वर बर्फाचा पापुद्रा धरला तरी खाली चिखलात तग धरतात आणि उन्हाळ्यात पुन्हा फुलतात.

ही करामत जोसेफ बोरी लातूर-मार्लियाक या गृहस्थाची. शिक्षण कायद्याचं, नाद झाडांचा. नैऋत्य फ्रान्समध्ये ल ताम्प्ल-सूर-लो या गावी १८७५ मध्ये त्यानं रोपवाटिका काढली आणि युरोपातल्या काटक पांढऱ्या कुमुदिनीचा अमेरिकेतल्या रंगीत जातींशी संकर करत राहिला. काम सांगायला सोपं आहे. करायला गेलं की कळतं, कुमुदिनीचं फूल पहिल्या दिवशी पराग फक्त घेतं, देऊ लागतं ते दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे नेमकं पहिल्याच सकाळी पाण्यात उतरून ते फूल गाठायचं, त्यातले कोवळे पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या जातीचा पराग आणून लावायचा. मग बी धरतं का, रोप फुलतं का, फुलाचा रंग कसा निघतो, याची वाट बघायची. प्रदर्शनात पाणवनस्पतींचं पहिलं बक्षीस त्याला मिळालं, ते रास्तच आहे.

चित्रकार क्लोद मोनेनं ही फुलं पहिल्यांदा इथंच पाहिली, असं त्याचे चरित्रकार सांगतात. वय अठ्ठेचाळीस, जिव्हर्नी गावातलं घर अजून भाड्याचं. याच उन्हाळ्यात शहरात जॉर्ज पेतीच्या दालनात रोदँच्या शिल्पांबरोबर त्याची चित्रं मांडली आहेत. जमलं तर तिथंही डोकवा, पण पुढचं काही बोलून जाऊ नका. तो घर विकत घेईल १८९० मध्ये. १८९३ मध्ये तळ्यासाठी जमीन घेईल, तेव्हा या परक्या वनस्पतींनी ओढ्याचं पाणी नासेल म्हणून गावकरी विरोध करतील. १८९४ मध्ये लातूर-मार्लियाककडे रोपांची मागणी जाईल आणि त्या तळ्यातून पुढे सुमारे अडीचशे चित्रं निघतील.

ती चित्रं मोनेची, यात वाद नाही. पण मोनेनं रंगवला तो गुलाबी आणि पिवळा रंग त्याआधी कुणीतरी गुडघाभर पाण्यात उभं राहून तयार केला होता, आणि कलेच्या इतिहासात त्या माणसाच्या वाट्याला जेमतेम एखादी तळटीप येते. हा हिशेब मला तरी बरोबर वाटत नाही.

मोनेची भव्य कुमुदिनी-चित्रं १९२७ पासून पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात, दोन लंबगोल दालनांत लावलेली आहेत. ल ताम्प्ल-सूर-लोची रोपवाटिका आजही चालू आहे आणि मार्लियाकनं घडवलेल्या जातींची रोपं तिथं विकत मिळतात.