टिफ्रॅकचा पडदा

गणकयंत्राचें गणित कितीहि अचूक असलें, तरी त्याचें उत्तर मनुष्यास दिसलें नाहीं तर तें व्यर्थ होय. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९५४ सालाच्या अखेरीस आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं जी तरुण मंडळी असें यंत्र बांधावयास बसली, तींतील बहुतेकांनीं पूर्वीं गणकयंत्र हाताळलेलेंहि नव्हतें. १९५६ सालीं लहानसें नमुना-यंत्र सिद्ध झालें व १९६० सालीं पूर्ण यंत्र कामास लागलें. त्यांत सुमारें २,७०० निर्वात नळ्या होत्या. १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्याचें ‘टिफ्रॅक’ असें नामकरण केलें. आलेख व अक्षरें दाखविण्यासाठीं त्यास कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता.

असा पडदा अंधारला म्हणजे दोष कोठें शोधावा? शेवटच्या वाफ्यास पाणी पोंचलें नाहीं, तर इंदापूर तालुक्यांतील कळसचा शेतकरी वाफा उकरीत बसत नाहीं. तो पाटाच्या कडेनें मागें मागें जातो व पाट कोठें फुटला तें पाहतो. पडदा हाहि शेवटचा वाफाच होय. प्रथम नळीच्या गळ्यांतील तंतु तापून लाल दिसतो कीं नाहीं, तें पाहावें. तो लाल असूनहि प्रकाश नसेल, तर उच्च दाबाची वीज पोंचते काय, तें तपासावें. पडद्यावर एकच ठिपका स्थिर उभा राहिला, तर किरण शाबूत आहे, परंतु त्यास आडवें व उभें वळविणारी शक्ति नाहीं, असें समजावें. एकच रेघ दिसल्यास त्या दोहोंपैकीं एक नाहींशी झाली. चित्र थरथरत असेल, तर वीजपुरवठ्यांतील वाळलेल्या कंडेन्सरचा संशय घ्यावा. दिवसेंदिवस मंद होत असेल, तर नळीच थकली. आणि रेषा स्वच्छ असून अक्षरें मात्र चुकत असतील, तर पडद्यास दोष देऊं नये. पाट त्याहून मागें, गणिताच्या मंडलांत फुटला आहे.

येथें एक सावधगिरी अवश्य पाळावी. वीज तोडल्यावरहि कंडेन्सरांत व नळींत भार शिल्लक राहतो आणि तो प्राणावर बेतूं शकतो; म्हणून रीतसर भार उतरविल्यावांचून आंत हात घालूं नये.

१९६४ सालीं संस्थेंत सीडीसी ३६०० हें परदेशी यंत्र आलें आणि टिफ्रॅकचें युग संपलें. निर्वात नळ्यांचीं यंत्रें गेलीं, तरी कांचेच्या नळीचा पडदा पुढें कित्येक दशकें घरोघरच्या संगणकांवर राहिला. असे जुने संगणक आजहि कपाटांत व माळ्यावर पडून आहेत. पडदा काळा दिसतांच ते भंगारांत जातात. बोटाच्या पेराएवढा एक कंडेन्सर वाळलेला असतो आणि त्यापायीं सबंध यंत्र, त्याच्या स्मृतींतील लेखांसह, कायमचें नाहींसें होतें. यास्तव फेंकण्यापूर्वीं एकदां पाटाच्या कडेनें मागें जाऊन पाहावें.