जीएम बटाटा म्हणजे काय? हापूस आणि रत्नाच्या उदाहरणातून समजून घ्या

रत्नागिरी : जीएम म्हणजे जनुकीय बदल केलेलं पीक. बटाट्यात असा बदल कशाला करायचा, हे आंबा बागायतदाराला लगेच कळेल.

कलम आणि संकर
हापूसची कोय लावली तर हापूसच मिळेल याची खात्री नाही, म्हणून आपण कलम बांधतो. बटाट्याच्याही फोडी लावतात, त्यामुळे वाण जसाच्या तसा राहतो. नवा गुण हवा तर संकर करावा लागतो. हापूसमधला साका टाळण्यासाठी वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ मध्ये ‘रत्ना’ आणला. रत्नात साका होत नाही, पण रत्ना म्हणजे हापूस नव्हे. संकरात दोन्हीकडचे गुण मिसळतात. जीएममध्ये हव्या त्या गुणाचं जनुक तेवढं प्रयोगशाळेत घालतात. बाकी वाण तोच ठेवता येतो.

करप्याचं संकट
थंड, ढगाळ आणि दमट हवा मिळाली की उशिरा येणारा करपा काही दिवसांत पाला जाळतो, कंदही सडवतो. १८४५ पासून आयर्लंडमध्ये याच रोगाने पीक गेलं आणि दुष्काळात सुमारे १० लाख माणसं दगावली. आजही फवारणीवर मोठा खर्च होतो. ‘कुफरी ज्योती’ हा वाण १९६८ मध्ये आला तेव्हा करप्याला दाद देत नव्हता, पुढे बळी पडू लागला. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने मेक्सिकोतल्या रानबटाट्याचं ‘आरबी’ जनुक कुफरी ज्योतीत आणण्याचं काम केलं आहे. मात्र रोगही बदलतो. एकच जनुक फार काळ टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून आता दोन-तीन जनुकं एकत्र घालण्यावर भर आहे.

दर्जासाठीही बदल
कापल्यावर किंवा मार लागल्यावर कमी काळा पडणाऱ्या जीएम बटाट्याच्या लागवडीला अमेरिकेने २०१४ मध्ये मोकळीक दिली.

आपल्याकडे काय?
भारतात शेतकऱ्यांनी लावायला मिळणारं जीएम पीक एकच, २००२ मध्ये परवानगी मिळालेला बीटी कापूस. बीटी वांगं २०१० मध्ये थांबवलं गेलं. जीएम बटाट्याला लागवडीची परवानगी नाही. त्यामुळे ‘करपा न येणारं जीएम बेणं’ म्हणून कुणी विकायला आलं तर घेऊ नका. बेणं पक्क्या बिलावरच घ्या, शंका आली तर तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारा.