रंधा कोणाच्या हाती?

आपल्याकडे हत्यारालाही जात होती. गावगाड्यात सुतार बलुतेदार आणि महारही बलुतेदारच. बहुतेक याद्यांत दोघेही थोरल्या ओळीतले. पण सुताराच्या वाट्याला वाकस, करवत, पटाशी आली आणि महाराच्या वाट्याला वेसकरकी व मेलेली गुरे. सुताराचे कसब बापाकडून मुलाकडे जाई. इतरांना ते दार बंद होते.

१८५३ साली रेल्वे ठाण्याला आली, १८५४ साली कल्याणला. तिने गावाबाहेरची मजुरी दिली. पण मजुरी म्हणजे कसब नव्हे. हा भेद बाबासाहेबांनी नेमका ओळखला. १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी छापखाने व रेल्वेचे कारखाने यांत अस्पृश्य मुलांना उमेदवारी मागितली. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, १९६२ साली ठाण्यात वागळे इस्टेट उभी राहिली. पण त्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखायला १९७३ ची दुरुस्ती लागली. मागणीनंतर ३१ वर्षांनी!

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकताना हात आधी तयार व्हावा लागतो. गुण्याने काटकोन तपासणे, रंध्याने फळी सपाट करणे, कुसू भोकात घट्ट बसवणे. मग यांत्रिक करवत. यंत्र जात विचारीत नाही, हे खरे. पण लाकडाचे रेषे ओळखता न येणाऱ्याला ते मदतनीसच ठेवते. मदतनीसाला मिस्त्री करणारे शिक्षण मिळाले, तरी पुढे दुकानाचा आणि भांडवलाचा प्रश्न उरतोच. तो आता आपण मांडला पाहिजे.