परराज्यातली ‘५० टक्के स्कॉलरशिप’ खरंच स्वस्त पडते का? सही करण्याआधी हा हिशेब मांडा

बारावीचा निकाल लागला की गावोगावी फोन वाजायला लागतात. “तुमच्या मुलाला ५० टक्के स्कॉलरशिप मंजूर झालीय, आज २५ हजार भरून सीट पक्की करा.” कधी बंगळुरू, कधी हैदराबाद, कधी चेन्नई, कधी जयपूर. बोलणारा स्वतःला समुपदेशक म्हणवतो, पण बऱ्याचदा तो एजंट असतो आणि प्रत्येक प्रवेशामागे त्याचं कमिशन ठरलेलं असतं. एवढ्यावरून संस्था वाईट ठरत नाही. फक्त ‘किती टक्के सूट’ हा प्रश्नच अपुरा आहे. चार वर्षांत घरातून एकूण किती पैसे जाणार, हे विचारायला हवं.

राज्याची सवलत सीमेवरच थांबते

महाराष्ट्रात कॅप फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल, तर खुल्या गटातल्या विद्यार्थ्याला राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मं शिक्षण शुल्क माफ होतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना तर २०२४-२५ पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. परराज्यातल्या खासगी किंवा अभिमत विद्यापीठात या सवलती मिळत नाहीत. तिथल्या सरकारच्या फी सवलती आणि राज्य कोट्यातलं आरक्षण साधारणपणे तिथल्याच रहिवाशांसाठी असतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचं थोडं वेगळं आहे. उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकतानाही नियमांनुसार मिळू शकते. पण निवडलेली संस्था आणि अभ्यासक्रम त्यात बसतो का, हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधी विचारावं, फी भरल्यावर नव्हे.

आकडे मांडून बघा

पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. आपल्या संस्थेचे आकडे तिथं घालायचे.

समजा, परराज्यातल्या खासगी विद्यापीठाची वर्षाची फी ३ लाख २० हजार आहे. निम्मी सूट मिळाली, म्हणजे उरले १ लाख ६० हजार. होस्टेल आणि मेस दीड लाख, कारण सूट बहुतेक ठिकाणी फक्त शिक्षण शुल्कावर असते. येण्याजाण्याचे २० हजार. वर्षाला झाले ३ लाख ३० हजार, चार वर्षांचे १३ लाख २० हजार.

आता राज्यातलं खासगी कॉलेज घ्या. फी १ लाख ३० हजार, त्यातलं शिक्षण शुल्क १ लाख २० हजार. निम्मं माफ झालं की भरायचे ७० हजार. होस्टेल-मेसचे एक लाख धरले तर चार वर्षांत ६ लाख ८० हजार. १०० टक्के माफीतल्या मुलीला हाच खर्च साडेचार लाखांच्या आसपास येतो. म्हणजे ‘५० टक्के स्कॉलरशिप’ घेऊनही दुप्पट पैसे जातात.

आणि ती सूट टिकली तरच हा हिशेब! बऱ्याच संस्थांमध्ये गुणवत्ता शिष्यवृत्ती दरवर्षी नव्याने तपासली जाते. ठरावीक सीजीपीए हवा, एकही विषय मागे राहता कामा नये, हजेरी पूर्ण हवी. मराठी माध्यमातून आलेल्या हुशार मुलालाही पहिलं सेमिस्टर जड जाऊ शकतं. वरच्या उदाहरणात सूट पहिल्या वर्षानंतर गेली, तर ४ लाख ८० हजार वाढतात आणि एकूण खर्च थेट १८ लाखांवर जातो. म्हणून तीन गोष्टी संस्थेच्या पत्रावर लेखी घ्याव्यात : सूट किती वर्षांची, कोणत्या अटीवर, आणि एकदा गेलेली सूट परत मिळते का. व्हॉट्सॲपवरचा मेसेज इथं कामाचा नाही.

काही ठिकाणी सूट नसते, पण फीच वेगवेगळी असते. वेल्लोरच्या व्हीआयटीत प्रवेश परीक्षेच्या रँकप्रमाणे फीच्या पाच श्रेणी आहेत. एकाच अभ्यासक्रमाला एकाची फी कमी, दुसऱ्याची बरीच जास्त. तेव्हा “शेजारच्या गावातला पोरगा तिथं एवढ्यात शिकतोय” यावर विसंबू नये.

बाहेर जायचंच तर आधी सरकारी संस्था

एनआयटीत बी.टेक.चं शिक्षण शुल्क वर्षाला सव्वा लाख, आयआयटीत दोन लाख. दोन्हीकडे एससी, एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ. इतरांचं कौटुंबिक उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफी आणि १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश माफी. म्हणजे एनआयटीचे सव्वा लाख ४२ हजारांच्या आत येतात. इतर फी, होस्टेल, मेस मिळून एक लाख आणि प्रवासाचे २० हजार धरले, तरी चार वर्षांत साधारण साडेसहा लाख. राज्यातल्या खासगी कॉलेजाच्या निम्म्या फीइतकंच!

बीए, बीएस्सी करायचं असेल तर बनारस हिंदू विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ यांसारखी केंद्रीय विद्यापीठं सीयूईटी परीक्षेतून प्रवेश देतात. तिथल्या नियमित अभ्यासक्रमांची फी खासगीच्या तुलनेत फारच कमी असते. खरा खर्च राहण्याचा, कारण दिल्लीत प्रत्येकाला होस्टेल मिळत नाही.

अकरावी-बारावीसाठी मुलांना हैदराबाद किंवा कोट्याला पाठवणाऱ्या पालकांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एनआयटीत निम्म्या जागा ‘होम स्टेट’च्या असतात आणि होम स्टेट ठरतं बारावी कुठून पास झाली त्यावरून. नांदेडच्या मुलाने तेलंगणातून बारावी केली, तर नागपूरच्या व्हीएनआयटीत तो बाहेरचा आणि वरंगळच्या एनआयटीत घरचा.

सीमाभागासाठी वेगळी वाट आहे. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर आणि गडहिंग्लज तालुक्यांतल्या कन्नड मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना कर्नाटकच्या सीईटीत ‘गडिनाडू’ म्हणून अटींसह सरकारी जागेवर हक्क सांगता येतो. त्या तालुक्यांतही ही तरतूद अनेकांना माहीत नसते.

कागद आणि केंद्राच्या योजना

केंद्रीय संस्थांसाठी ओबीसी नॉन-क्रीमिलेअर आणि ईडब्ल्यूएस दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, राज्याचा चालत नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, तेही पाहावं. एसईबीसी आरक्षण केंद्रीय संस्थांत नाही. दाखला चालू आर्थिक वर्षाचा हवा, म्हणून एप्रिल उजाडताच सेतू केंद्रात अर्ज टाकावा. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते.

एआयसीटीईची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती तांत्रिक पदवी-पदविकेच्या मुलींना वर्षाला ५० हजार देते. उत्पन्नमर्यादा ८ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. बारावीत बोर्डाच्या वरच्या २० टक्क्यांत आलेल्या आणि साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना केंद्राची वर्षाला १२ हजारांची शिष्यवृत्ती आहे, पण तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीमाफी चालत नाही. दोन्हींचे अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरता येतात. संस्था राज्याबाहेरची असली तरी हरकत नाही.

पैसे भरले आणि मन बदललं तर

यूजीसीच्या २०१८ च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, त्यात प्रक्रिया शुल्काची थोडी कपात होऊ शकते. शेवटच्या १५ दिवसांत रद्द केला तर ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. मूळ मार्कशीट आणि टीसी अडवून ठेवायलाही याच नियमात मनाई आहे. संस्था ऐकत नसेल तर यूजीसीच्या ‘ई-समाधान’ पोर्टलवर तक्रार करता येते. पावती संस्थेच्या नावाची हवी. एजंटाच्या खात्यावर फोनपे केलेल्या पैशाची वसुली या नियमाने होत नाही.